कुलूप आणि इर्जिक



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली. "तुझ्या कामाबद्दल लिही, पण आम्हाला कळेल असे लिही." गेल्या वेळच्या स्नेहभोजनात जिलेबीच्या रांगेत उभे असताना आपल्यातल्याच एकाने विचारले होते, "अरे, तू नक्की करतोस तरी काय?" मी म्हणालो, "कुलपे लावतो." सगळे हसले. पण ते उत्तर अगदी खरे होते. बँका, रुग्णालये, दुकाने यांचे हिशेब आणि नोंदी ज्या मोठ्या संगणकांवर राहतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. त्यांची राखण करणे हे माझे गेल्या चोवीस वर्षांचे काम. मात्र मी जे कुलूप लावतो ते मी केलेले नाही. ते कोणी केले, का केले आणि ते करणाऱ्यांवर काय काय वेळ आली, याचा हा थोडका इतिहास.

हा इतिहास सांगायला आपली तुकडी योग्य आहे. कारण तो सुरू होतो १९९५ साली, म्हणजे आपण दहावी झालो त्या वर्षी.

पोस्टकार्ड आणि पाकीट

आपला संगणक कक्ष आठवा. मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारची ती खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, संगणकांवर घातलेली प्लास्टिकची खोळ. पासवर्ड आपण सारखे विसरायचो, म्हणून बाईंनी तो फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवला होता आणि खाली 'पुसू नये' अशी सूचना होती. आज ते आठवून हसू येते. पण त्या काळात जगभरच्या विद्यापीठांतही परिस्थिती याहून फार वेगळी नव्हती. फळा तेवढा नव्हता.

दूरच्या संगणकावर काम करायचे असेल तर तेव्हा टेलनेट नावाची सोय वापरत. आपण टंकलेली प्रत्येक गोष्ट, पासवर्डसकट, तारेवरून जशीच्या तशी जाई. ते पोस्टकार्डासारखे होते. पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. शिवाय त्या काळच्या जोडणीत एका केबलवर अनेक संगणक असत आणि एकाचा निरोप सगळ्यांच्या दारावरून जाई. दुसऱ्याचा निरोप वाचू नये हा केवळ सभ्यतेचा भाग होता. ज्याला सभ्यता पाळायची नव्हती तो एक छोटासा प्रोग्रॅम बसवून रात्रभर पासवर्ड गोळा करत बसू शकत असे.

फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात १९९५ साली नेमके हेच घडले. जाळ्यावर कान लावून बसलेल्या कोणीतरी पासवर्ड चोरले. तिथले एक संशोधक टाटू इलोनेन यांनी त्यावर तक्रार करत न बसता उपाय लिहायला घेतला. त्यांनी पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट केले. दोन संगणकांनी आधी एकमेकांची ओळख पटवायची, मग दोघांनाच कळेल अशी किल्ली ठरवायची आणि पुढचे सगळे बोलणे त्या किल्लीने कुलूपबंद करून पाठवायचे. मध्ये कोणी ऐकले तरी त्याला निरर्थक अक्षरांपलीकडे काही मिळणार नाही. या सोयीचे नाव एसएसएच. इंटरनेटवर प्रत्येक सेवेला एक दार-क्रमांक असतो. फाइल पाठवण्याच्या जुन्या सेवेचा २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो इलोनेन यांनी मागून घेतला. आजही मी जे दार राखतो त्याचा क्रमांक २२ आहे.

जुलै १९९५ मध्ये त्यांनी हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. वर्ष संपेपर्यंत सुमारे ५० देशांत २०,००० लोक तो वापरू लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. आपण तेव्हा अकरावीच्या प्रवेशाच्या धावपळीत होतो. आपल्यातल्या कोणाला यातले काही कळले असेल असे वाटत नाही. मला तर सहा वर्षांनी कळले, तेही नुकसान सोसून.

ती सोमवारची सकाळ

२००१ साली पुण्यात एका छोट्या कंपनीत मी पहिल्या नोकरीला लागलो. आमचा सर्व्हर होता आणि त्यावर आम्ही अजून टेलनेटनेच जात होतो. "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे कंपनीचे धोरण होते. एका सोमवारी सकाळी आलो तर ग्राहकांच्या फायली गायब. नोंदी पाहिल्या तर रविवारी रात्री माझ्याच नावाने कोणीतरी आत आले होते. माझाच पासवर्ड, माझेच खाते. शेवटची राखीव प्रत आठ दिवसांपूर्वीची. तीन रात्री आम्ही कागदी बिले समोर ठेवून आकडे पुन्हा भरले. कोणी मला रागावले नाही, पण त्या तीन रात्री मी कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

चौथ्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी एका संगणक मासिकासोबत आलेली सीडी आणली आणि ओपनएसएसएच नावाचा प्रोग्रॅम बसवला. मी विचारले, "याचे पैसे?" ते म्हणाले, "फुकट आहे." माझा विश्वास बसेना. इतके पक्के कुलूप फुकट कोण देते? त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी कॅनडातल्या कॅलगरी शहरापर्यंत पोहोचलो. प्रत्यक्ष नव्हे, वाचनातून.

वह्या तपासणारे

इलोनेन यांनी पुढे आपल्या कामाची कंपनी काढली आणि नव्या आवृत्त्यांवरच्या अटी हळूहळू कडक होत गेल्या. त्यात गैर काही नाही, घर सर्वांनाच चालवायचे असते. पण ज्यांना कुलूप स्वतः उघडून, आतले स्प्रिंग बघून, दुरुस्त करून पुन्हा वाटायचे होते त्यांची अडचण झाली. १९९९ मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न ग्रोनवाल यांनी मोकळ्या अटींवर दिलेली एक जुनी आवृत्ती शोधली आणि तिच्यातले दोष काढायला सुरुवात केली. तिथून ते काम ओपनबीएसडी नावाच्या मंडळींनी उचलले.

ओपनबीएसडी ही एक मुक्त संगणकप्रणाली. मुक्त म्हणजे तिचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि कॅलगरीत वाढलेले थिओ डी राट यांनी ती ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू केली. पुन्हा आपलेच वर्ष. स्वभावाने ते फटकळ. आधीच्या एका प्रकल्पातून सहकाऱ्यांशी न पटल्याने त्यांना बाहेर पडावे लागले होते. पण त्यांच्या मंडळींनी १९९६ पासून एक काम चिकाटीने चालवले, ते म्हणजे सगळा मजकूर ओळीन् ओळ वाचून तपासणे.

आपल्या मराठीच्या बाई वह्या कशा तपासायच्या ते आठवते ना? एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली की त्या वही परत देत आणि म्हणत, "हीच चूक अजून कुठे केली आहेस ते तूच शोधून आण." ओपनबीएसडीची पद्धत तीच होती. एक चूक सापडली की तशाच प्रकारची चूक साऱ्या प्रणालीत शोधायची. तिचा गैरफायदा घेता येतो की नाही यावर वाद घालत बसायचे नाही, चूक आहे ना, मग दुरुस्त करायची. अशा रीतीने कित्येक भोके चोरांना सापडण्याआधीच बुजली.

कॅलगरीतले दहा जण

आता इर्जिक. आपल्यातल्या शेतकरी घरांतल्या मंडळींना हा शब्द सांगायला नको. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. एखाद्याचे रान मोठे आणि बैल कमी असले की गावातले लोक आपापली औते घेऊन एका दिवशी त्याच्या शेतात उतरत आणि नांगरट उरकून टाकत. मजुरी नाही. शेतमालकाने सर्वांना जेवण द्यायचे, एवढेच. माझ्या आजोळी मी लहानपणी ते पाहिले आहे. सकाळी पडीक दिसणारे रान संध्याकाळी काळेभोर झालेले असायचे.

४ जून १९९९ रोजी कॅलगरीत ओपनबीएसडीचे दहा जण असेच एकत्र बसले. एरवी ते वेगवेगळ्या देशांत आपापल्या घरून काम करत. या बैठकीला त्यांनी 'हॅक' आणि 'मॅरेथॉन' जोडून हॅकेथॉन असे नाव दिले. हॅक हा शब्द इथे चोरीच्या अर्थाने नाही. संगणकाशी मनापासून झटापट करून त्याच्याकडून काम करून घेणारा तो हॅकर, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. वर्तमानपत्रांनी तो पुढे चोरांना चिकटवला. हॅकेथॉन या शब्दाचा हा सर्वांत आधीच्या ज्ञात वापरांपैकी एक. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या सन कंपनीच्या संमेलनातही तो वापरला गेला.

कॅलगरीच का? कारण त्या वेळी अमेरिकेत पक्के सांकेतिक कुलूप देशाबाहेर पाठवण्यावर बंधने होती. असे प्रोग्रॅम तिथे बराच काळ चक्क युद्धसामग्रीच्या यादीत होते. कॅनडात ती आडकाठी नव्हती. म्हणून कुलपाचे काम कॅनडाच्या भूमीवर बसून करायचे, म्हणजे ते जगात कुठेही नेता येईल. अमेरिकेने हे नियम बरेचसे सैल केले ते २००० सालच्या जानेवारीत.

या बैठकांत भाषणे नसतात, सत्कार नसतात, नारळ-शाल तर नाहीच. लांब टेबल, तारांचा गुंता आणि शेजारी शेजारी बसलेली माणसे. एकाचे अडले की तो शेजाऱ्याला पडदा दाखवतो. पत्रातून महिनाभर चाललेला वाद समोरासमोर अर्ध्या तासात मिटतो. ज्याची पत्रे तुसडी वाटायची तो माणूस चहाच्या वेळी बरा निघतो. आज आपली मुले महाविद्यालयांतल्या हॅकेथॉनला जातात ती बक्षिसासाठी, छत्तीस तासांत कोणाला तरी हरवायला. मूळच्या हॅकेथॉनमध्ये हरवायचे कोणालाच नव्हते. रान तेवढे नांगरायचे होते.

त्याच वर्षी, १ डिसेंबर १९९९ रोजी ओपनबीएसडीच्या २.६ या आवृत्तीसोबत ओपनएसएसएच बाहेर पडले. जर्मनीचे मार्कुस फ्रीडल, नील्स प्रोव्होस, स्वतः डी राट आणि आणखी काही जण त्यात होते. इतर प्रणालींवर ते चालावे म्हणून ऑस्ट्रेलियाच्या डेमियन मिलर यांनी खटपट केली. आज लिनक्सवर आणि मॅकवर तेच कुलूप आहे. २०१८ पासून विंडोज १० मध्येही ते आले. पुण्यातल्या आमच्या त्या छोट्या कंपनीत चौथ्या दिवशी आलेली सीडी याच मंडळींच्या मेहनतीची होती.

कुलूपवाल्याच्याच घरी

यातले सगळे सुरळीत झाले असते तर मी लेख इथेच संपवला असता. पण २००२ साल या मंडळींना फार जड गेले.

जूनमध्ये ओपनएसएसएचमध्येच एक गंभीर दोष सापडला. तपशील जाहीर होण्याआधी डी राट यांनी सर्वांना ३.३ ही आवृत्ती तातडीने घ्यायला सांगितले. तिच्यात प्रोव्होस यांची एक नवी रचना होती. बँकेत काउंटरवरचा कारकून अनोळखी माणसाशी बोलतो, पण तिजोरीची किल्ली आतल्या व्यवस्थापकाकडे असते. उद्या कारकुनाला कोणी धमकावले तरी तिजोरी उघडत नाही. तसेच या रचनेत बाहेरच्याशी बोलणारा भाग आणि अधिकार असलेला भाग वेगळे केले होते. पुढे ३.४ मध्ये मूळ दोषही काढला. पण ओपनबीएसडीच्या संकेतस्थळावर 'पाच वर्षांत बाहेरून शिरता येईल असे एकही भोक नाही' अशा अर्थाची जी अभिमानाची ओळ होती, ती बदलून 'एक भोक' असे लिहावे लागले. त्यांनी ते लपवले नाही. आपली चूक दर्शनी भागावर लिहून ठेवायला धैर्य लागते.

दोनच महिन्यांत आणखी मोठा घाव बसला. जुलैच्या अखेरीस कोणीतरी त्यांच्याच वितरणाच्या सर्व्हरवर शिरले आणि ओपनएसएसएचच्या गठ्ठ्यात आपला मजकूर घुसवला. जो कोणी तो गठ्ठा आणून आपल्या संगणकावर बांधेल, त्याचा संगणक गुपचूप चोराच्या यंत्राशी बोलू लागेल, अशी ती योजना. कुलूप विकणाऱ्याच्या दुकानात रात्री शिरून कुलपेच बदलून ठेवावीत तसे. सापडले कसे? प्रत्येक गठ्ठ्याची एक आकडी खूण काढलेली असते. आत एक अक्षर बदलले तरी ती पूर्ण बदलते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या यादीत जुनी खूण नोंदवलेली होती आणि नव्या गठ्ठ्याची खूण तिच्याशी जुळेना. १ ऑगस्टला खरा गठ्ठा परत ठेवला गेला.

इथे एक गोष्ट माझ्या मनावर कोरली गेली. या मंडळींना वाचवले ते शेजाऱ्याच्या वहीतल्या नोंदीने. इर्जिकचा उपयोग फक्त नांगरटीला होत नाही, राखणीलाही होतो.

रिकामा खिसा

या साऱ्याचा खर्च कोण करत होते? मुख्यतः कोणीच नाही. सीडी आणि टी-शर्ट विकून, देणग्या मागून काम चाले. २००१ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेकडून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत २० लाख डॉलरहून मोठे अनुदान मंजूर झाले होते. एप्रिल २००३ मध्ये डी राट यांनी एका कॅनेडियन वृत्तपत्राशी बोलताना इराक युद्धाविरुद्ध मत मांडले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते अनुदान मध्येच थांबले. मे महिन्यातला हॅकेथॉन तोंडावर आला होता. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि बैठक झाली.

पुढे २०१४ च्या जानेवारीत तर विजेचे बिल भरायला २०,००० डॉलर हवेत असे जाहीर आवाहन करावे लागले. जगभरचे सर्व्हर ज्यांच्या कुलपावर उभे, त्यांच्याच घरची वीज जायची वेळ. एका रोमानियन उद्योजकाने ती रक्कम दिली. त्याच वर्षी ७ एप्रिलला हार्टब्लीड नावाचा दोष जाहीर झाला. तो ओपनएसएसएल या वेगळ्या, पण तितक्याच महत्त्वाच्या कुलपातला. बँकांच्या संकेतस्थळांवर आपण पैसे भरतो तेव्हा जे कुलूप लागते ते याचे. दोष दोन वर्षांहून अधिक काळ उघड्यावर पडलेल्या मजकुरात होता आणि कोणाच्या ध्यानात आला नव्हता. चौकशी करता कळले की त्या प्रकल्पात पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळजवळ एकच आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २००० डॉलर. मजकूर सर्वांना खुला आहे म्हणजे सर्वजण तो वाचतात, असे आपण गृहीत धरले होते. देऊळ उघडे असले म्हणून रोज कोणी झाडतेच असे नाही.

अर्धा सेकंद

आणि आता अगदी अलीकडची गोष्ट, जिने माझी झोप उडवली.

एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. फायली दाबून छोट्या करणे हे त्याचे काम. तो अनेक वर्षे फिनलंडचे लासे कोलिन जवळजवळ एकट्याने, फुकट सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला आला. लहान लहान, चांगल्या दुरुस्त्या पाठवू लागला. २०२२ मध्ये आणखी काही अनोळखी नावे उगवली आणि कोलिन यांना पत्रांतून टोचू लागली, की तुम्ही फार हळू आहात, दुसऱ्याला अधिकार द्या. कोलिन यांनी उत्तरात आपली प्रकृती, मनावरचा ताण आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे हे मोकळेपणाने सांगितले. थकलेल्या माणसाने शेवटी समोर आलेल्या मदतीच्या हातात किल्ली दिली.

दोन वर्षे हात चांगलाच वागला. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मात्र त्याने चोरदार बसवले. दार एक्सझेडमध्ये, पण घात होणार होता ओपनएसएसएचचा. लिनक्सच्या काही वितरकांनी स्वतःच्या सोयीसाठी ओपनएसएसएचला जोडलेल्या एका दुव्यातून एक्सझेडचा मजकूर आत येत होता. २२ क्रमांकाच्या दाराशी ज्याच्याकडे खास किल्ली असेल तो सरळ आत.

सापडले ते एका माणसाच्या चिकित्सक स्वभावामुळे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारे आणि मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारे आंद्रेस फ्रॉइंड काही वेगळ्याच चाचण्या करत होते. एसएसएचने आत जायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे त्यांच्या लक्षात आले. तुमच्या-माझ्यासारख्याने अर्धा सेकंद सोडून दिला असता. त्यांनी तो धागा ओढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. तो गुड फ्रायडे होता. सुदैवाने त्या आवृत्त्या अजून मुख्यतः चाचणीच्याच वितरणांत पोहोचल्या होत्या. मी शनिवारी पहाटे उठून आमचे सर्व्हर एकेक करून तपासले. सगळीकडे जुनीच आवृत्ती निघाली. बायकोने चहा आणून दिला तेव्हा माझे हात थरथरत होते. २००१ ची ती सोमवारची सकाळ आठवली होती.

'जिया टॅन' म्हणजे कोण, एक माणूस की अनेक, हे आजही उघड झालेले नाही. त्याला प्रत्यक्ष भेटलो होतो असे सांगणारा कोणीही पुढे आला नाही.

भेटण्याचे मोल

हे वाक्य लिहिताना मला डेबियन या लिनक्स वितरणाची जुनी रीत आठवते. तिथे विकासक म्हणून प्रवेश मिळवायचा तर तुमच्या सांकेतिक किल्लीवर आधीच्या सदस्यांची सही लागत असे, आणि ती सही तुम्हाला समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून करायची असे. त्यांच्या संमेलनांत माणसे पासपोर्ट हातात धरून कागदावरचे लांबलचक आकडे एकमेकांशी ताडून पाहतात. लग्नात याद्या जुळवाव्यात तसे. २०२३ च्या सप्टेंबरात हे जागतिक संमेलन आपल्या देशात, केरळातल्या कोचीला भरले होते.

समक्ष भेटल्याने सगळे चोर ओळखू येतात असे मी म्हणणार नाही. न भेटता निष्ठेने काम करणारी हजारो माणसे आहेत आणि त्यांच्या जोरावरच हे जग चालते. पण एक गोष्ट मला या तीस वर्षांच्या इतिहासातून पटली आहे. कुलूप कच्चे असते तेव्हा ते दुरुस्त करता येते. कुलूपवाला एकटा पडतो, तेव्हा मात्र धोका फार मोठा असतो. कॅलगरीच्या टेबलाभोवती दहा जण होते, म्हणून एकाची चूक दुसऱ्याला दिसली. २००२ मध्ये शेजाऱ्याच्या वहीत नोंद होती, म्हणून चोरी कळली. कोलिन यांच्या शेजारी मात्र बसायला कोणी नव्हते. त्यांना खरोखरची सोबत मिळाली असती, तर खोट्या सोबतीला तिथे जागा उरली नसती.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक मागणे मागतो. आपल्यातल्या ज्यांचे उद्योग आहेत, त्यांनी आपल्या संगणकवाल्या माणसाला एकदा विचारावे, आपण फुकटातली कोणकोणती कुलपे वापरतो? आणि वर्षाकाठी दिवाळीच्या बोनसच्या हिशेबात एक छोटी रक्कम त्या कुलूपवाल्यांसाठी धरावी. ज्यांची मुले या क्षेत्रात आहेत, त्यांनी मुलांना सांगावे की नवे काही बांधण्याइतकेच जुने वाचून तपासणे हेही मोठे काम आहे. आपल्या बाईंनी आयुष्यभर लाल शाईने तेच केले.

बाईंना एक कबुलीही द्यायची आहे. फळ्यावरचा तो पासवर्ड मीच पुसला होता. 'पुसू नये' लिहिलेले वाचले होते, तरीही पुसला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करता आला नाही आणि संपूर्ण वर्गाला उभे राहावे लागले, तेव्हा मी गप्प बसलो. आता वाटते, माझ्या धंद्याची सुरुवात तिथेच झाली असावी. या वेळच्या स्नेहमेळाव्यात भेटू तेव्हा जी शिक्षा द्याल ती मान्य आहे.